बॅटन कुणाच्या हातून पडलं?

(स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी जरा नीट लावून लिहून दिलं आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. नोकऱ्या राहणार का, मुलांना कुठल्या शाखेला घालावं, असं काहीतरी." मी म्हटलं, त्यावर आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज चार जण बोलतात, पाचवी कशाला हवी? मला वीस मिनिटं मिळणार असतील तर मी रिलेवर बोलेन. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच विचारलं गेलं, "रिले म्हणजे ते आपलं... जिल्ह्याचं?"

हो, ते आपलं जिल्ह्याचं. डिसेंबर १९९४, आपण नववीत होतो. मुलींची चार बाय शंभर. तिसरी मी, चौथी माझी मैत्रीण. ती आज इथे बसली आहे, नाव घेत नाही, सगळ्यांना माहीत आहे. आपण दुसऱ्या नंबरवर होतो आणि तिसरीकडून चौथीकडे जाताना बॅटन पडलं. त्या दिवसापासून दहावी संपेपर्यंत ती "बॅटन पाडणारी" झाली. वर्गात कुणाच्या हातून खडू पडला तरी मागच्या बाकावरून तिच्या नावाचा पुकारा व्हायचा. हसू नका, पुकारा करणाऱ्यांत मीही असायचे.

जिल्ह्याच्या मैदानावर मी परत येणार आहे. पण आधी तुम्हाला मोठ्या मैदानांवर नेते. तिथे काय होतं ते समजलं, की आपल्या मैदानावर काय झालं ते मला सांगता येईल.

आधी थोडं गणित, कारण सवय जात नाही. महिलांच्या चार बाय शंभर मीटर रिलेचा विश्वविक्रम आहे ४०.८२ सेकंद. अमेरिकेच्या चौघींनी १० ऑगस्ट २०१२ रोजी लंडन ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तो केला. याला चारनं भागा. प्रत्येकीला सरासरी १०.२ सेकंद. आता, एकट्या बाईनं शंभर मीटर पळण्याचा विश्वविक्रम किती? १०.४९. फ्लॉरेन्स ग्रिफिथ जॉयनरनं १९८८मध्ये केलेला, आजवर कुणी मोडलेला नाही. म्हणजे चौघींची सरासरी जगातल्या सगळ्यात वेगवान एकटीपेक्षाही चांगली! हे कसं?

कारण एकटी पळते तेव्हा ती थांबलेल्या जागेवरून सुटते. रिलेत फक्त पहिली तशी सुटते. उरलेल्या तिघी बॅटन हातात येण्याआधीच पळायला लागलेल्या असतात. घड्याळ मुलींचं नसतं, बॅटनचं असतं. बॅटन म्हणजे २८ ते ३० सेंटिमीटर लांबीची एक पोकळ नळी, वजन ५० ग्रॅमच्या थोडं वर. ती नळी मैदानाला एक फेरी किती लवकर मारते, एवढाच प्रश्न आहे. विश्वविक्रमाच्या वेळी ती ताशी सरासरी ३५ किलोमीटरनं फिरली. त्या वेगाला ती एका हातातून दुसऱ्या हातात जायची असते, आणि घेणारीनं मागे बघायचं नसतं.

मागे बघायचं नसतं, हे महत्त्वाचं. मान वळली की वेग गेला. म्हणून घेणारी आपल्या मागे काही पावलं मोजून जमिनीवर एक खूण करते. मोठ्या स्पर्धांत चिकटपट्टी लावतात, आपल्याकडे सर फक्कीची रेघ मारायचे. येणारी त्या खुणेवर पोचली की घेणारीनं सुटायचं, जीव तोडून, समोर बघत. मागून ठरलेली हाक आली की हात मागे करायचा आणि तळवा स्थिर ठेवायचा. देणारीनं त्या तळव्यात बॅटन दाबायचं. पहिलीच्या उजव्या हातातून दुसरीच्या डाव्या, तिथून तिसरीच्या उजव्या आणि शेवटी चौथीच्या डाव्या हातात. म्हणजे धावताना हात बदलावा लागत नाही.

आणि हे सगळं एका ठरलेल्या पट्ट्यात व्हायला हवं. आता तो पट्टा ३० मीटरचा आहे. २०१७पर्यंत तो २० मीटरचा होता, आणि त्याच्या आधी १० मीटर नुसतं पळायला मिळायचं. पट्ट्याबाहेर बॅटन दिलं की संघ बाद. तीस मीटर ऐकायला पुष्कळ वाटतात. त्या वेगाला ते जेमतेम तीन सेकंद आहेत.

आता बघा, यात चूक होते कशी. घेणारी लवकर सुटली तर येणारीला ती गाठता येत नाही. उशिरा सुटली तर येणारी तिच्या अंगावर येते आणि दोघींना ब्रेक लागतो. पण तिसरीही एक शक्यता आहे. घेणारी अगदी बरोबर सुटली, खूण बरोबर, वेळ बरोबर, पण येणारीच त्या दिवशी नेहमीच्या वेगात नव्हती. बाहेरून बघणाऱ्याला पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात काडीचाही फरक दिसत नाही. दोन्हीत एकच दिसतं, पुढची निसटून चालली आहे. ही तिसरी शक्यता लक्षात ठेवा.

आता एका मुलीची गोष्ट सांगते. लॉरिन विल्यम्स, अमेरिकेची. २००४, अथेन्स ऑलिम्पिक. वय वीस. शंभर मीटरमध्ये तिनं रौप्यपदक मिळवलं. मग रिलेची अंतिम फेरी. तिची धाव तिसरी होती आणि तिला बॅटन देणार होती मॅरियन जोन्स. खुणेवर जोन्स आली, विल्यम्स सुटली आणि जोन्सच्या हाताला ती लागेचना. बॅटन गेलं ते पट्टा संपल्यावर. अमेरिका बाद. जमैकानं ४१.७३ सेकंदांत सुवर्ण घेतलं.

२००८, बीजिंग. या वेळी विल्यम्स शेवटची, चौथी. बॅटन देणार होती टोरी एडवर्ड्स. ही अंतिम फेरीसुद्धा नव्हती, त्याआधीची होती. शेवटच्या बदलात बॅटन जमिनीवर पडलं.

तो गुरुवार होता, २१ ऑगस्ट. मी पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत उभी होते आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर हे चाललं होतं. बाकीच्या मुली निघून गेल्या होत्या, शर्यत संपल्यातच जमा होती. आणि ही बाई वळली. मागे गेली, बॅटन उचललं आणि शेवटच्या रेषेपर्यंत धावत गेली. सगळ्यांत शेवटी. त्याचा काही उपयोग नव्हता. पात्र ठरायचा प्रश्नच नव्हता. तरी ती गेली.

माझा चहा गार झाला. का, ते पुढे सांगते.

त्याच बीजिंगची आणखी एक गोष्ट आहे, ती इंजिनिअर म्हणून मला फार आवडते. त्या वर्षी महिलांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत आठ जणी होत्या. त्यांतल्या तिघी जमैकाच्या, तिघी अमेरिकेच्या. पहिला नंबर जमैकाचा, आणि दोघी जमैकाच्याच बरोबरीनं दुसऱ्या. म्हणजे रिलेची पदकं कुणाला मिळणार हे शेंबडं पोरही सांगेल. झालं काय? अमेरिका आधीच बाहेर पडली. अंतिम फेरीत जमैकाची शेरोन सिम्पसन केरॉन स्टुअर्टला बॅटन देऊ शकली नाही. रौप्यपदक वाटून घेतलेल्या त्या दोघी याच! रशिया पहिली आली, बेल्जियम दुसरी. पुढे २०१६मध्ये रशियाच्या एका धावपटूच्या उत्तेजकामुळे त्यांचं पदक काढून घेण्यात आलं आणि सुवर्ण गेलं बेल्जियमच्या चौघींना. शंभर मीटरच्या त्या अंतिम फेरीत बेल्जियमची एकही मुलगी नव्हती. त्यांनी ४२.५४ सेकंदांत बॅटन सुखरूप शेवटपर्यंत नेलं, एवढंच. हुशार माणसं एकत्र बसवली की काम आपोआप होतं असं समजणाऱ्या प्रत्येक मॅनेजरला मी ही गोष्ट ऐकवते.

तर विल्यम्स. दोन ऑलिम्पिक झाली, दोन्ही वेळा बिघडलेल्या बदलात बॅटन घेणारी तीच. लोकांनी बोट कुणाकडे दाखवलं असेल, ते तुम्हाला-मला सांगायला नको. आपण नववीतच ते करून बसलो आहोत.

२०१२, लंडन. शंभर मीटरसाठी तिला अमेरिकेच्या संघात जागा मिळाली नाही. रिलेच्या गटात मात्र ती होती. अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी पात्रता फेरीत तिला धावायला मिळालं, आणि तेही चौथ्या जागेवर. बीजिंगला जिथे बॅटन पडलं होतं, तोच शेवटचा बदल. बियांका नाइटनं तिच्या हातात बॅटन दिलं. तिनं ते घेतलं आणि रेषेपार नेलं. ४१.६४ सेकंद. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत तिच्या जागी कार्मेलिटा जेटर धावली, आणि रेषा ओलांडता ओलांडता तिनं हातातलं बॅटन घड्याळाकडे रोखलं, तो प्रसंग अनेकांनी पाहिला असेल. टियाना मॅडिसन, ॲलिसन फेलिक्स, बियांका नाइट, कार्मेलिटा जेटर. ४०.८२. त्याआधीचा विक्रम होता पूर्व जर्मनीचा, १९८५चा, ४१.३७. सत्तावीस वर्षांचा विक्रम अर्ध्या सेकंदाहून अधिक फरकानं मोडला.

पात्रता फेरीत धावणाऱ्यांनाही पदक मिळतं. विल्यम्सला सुवर्ण मिळालं. फोटोतल्या चौघींत ती नाही. पण ती आदल्या दिवशी धावली नसती, तर फोटोसाठी कुणी उरलंच नसतं. दीड वर्षानं, २०१४मध्ये, ती बर्फावरच्या बॉबस्ले शर्यतीत गेली आणि सोची हिवाळी ऑलिम्पिकचं रौप्यपदक घेऊन आली. तिथे तिचं काम काय, तर सुरुवातीला गाडी जोरात ढकलायची, आत बसायचं, आणि चालवणारीवर सगळं सोपवायचं. तिला दुसऱ्याच्या भरवशावर जगायची सवयच झाली असावी!

आता शेवटचं मैदान. रिओ, १८ ऑगस्ट २०१६. पुन्हा अमेरिकेच्या मुली, पुन्हा पात्रता फेरी. दुसरी धाव ॲलिसन फेलिक्सची, ती इंग्लिश गार्डनरला बॅटन देणार. ऐन देण्याच्या क्षणी शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का फेलिक्सला लागला, तोल गेला आणि बॅटन पुढे उडून पडलं. बघणाऱ्यांना वाटलं, झालं, पुन्हा पाडलं यांनी. पण फेलिक्सनं त्या गोंधळात भान राखलं. बॅटन उचललं गेलं, आणि सगळे संघ पुढे गेलेले असताना यांनी शर्यत पुरी केली. आठवणीत ठेवण्यासारखी गोष्ट हीच. शर्यत तिथेच सोडून दिली असती, तर दाद मागायला आधार उरला नसता. त्यांनी दाद मागितली. चित्रण तपासलं गेलं, धक्का लागलेला दिसला. ब्राझील बाद झालं आणि अमेरिकेला पुन्हा धावायची परवानगी मिळाली.

पुन्हा कसं धावायचं? एकट्यानं. संध्याकाळी त्या प्रचंड मैदानावर सगळ्या लेन मोकळ्या, आणि फक्त चार मुली. शेजारी कुणी नाही, मागे कुणी नाही. आठवी जागा तोवर चीनची होती, ४२.७०. त्यापेक्षा कमी वेळ हवा होता. त्या ४१.७७मध्ये धावल्या, पात्रता फेरीतल्या सगळ्यांत कमी वेळात. चीनच्या मुली बाहेर गेल्या, त्यांचं वाईट वाटतंच. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत अमेरिकेला पहिली लेन मिळाली, म्हणजे वळण सगळ्यांत आवळ. तिथून ४१.०१ सेकंदांत सुवर्ण.

एवढी वर्षं हे सगळं मी का बघत आले, का जपून ठेवत आले, ते आता सांगते.

माझ्या कामातही बॅटन असतं. संध्याकाळी पुण्याचा संघ काम थांबवतो आणि दुसऱ्या देशातला संघ ते पुढे घेतो. मध्ये असते एक टिपण: काय झालं, काय राहिलं, कुठे जपायला हवं. बिघाड बहुतेक तिथेच होतो, त्या दोन हातांच्या मध्ये. बिघाड झाला की आम्ही बसून त्याचा अहवाल लिहितो. त्याचा पहिला नियम असा, की चूक कुणाची ते लिहायचं नाही. चूक कशी झाली ते लिहायचं. कुणाला कुठली गोष्ट माहीत होती आणि ती पुढच्याला का कळली नाही, ते लिहायचं. नवीन मुलामुलींना हे मी पंधरा वर्षं शिकवते आहे. दोन वर्षांपूर्वी असा एक अहवाल वाचताना एका तरुण मुलीनं लिहिलेलं वाक्य समोर आलं. "मला शंका होती, पण मी सांगितलं नाही, कारण काम माझ्याकडून काढून घेतील असं वाटलं." मी तिचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर आता अहवाल, तीस वर्षं उशिरानं.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आपण लाल डब्यातून गेलो होतो. मुक्काम एका शाळेत होता, वर्गात सतरंज्या टाकून. सरांनी सुताराकडून घासून घेतलेलं लाकडी बॅटन माझ्या पिशवीत होतं, टोकाला लाल टेप गुंडाळलेलं. संघात आम्ही चौघी आणि पाचवी राखीव. ती पाचवी आदल्या संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर सगळा सराव करत होती.

आदल्या रात्री जेवणानंतर ताट धुवायला हौदावर गेले तेव्हा ओल्या पायरीवरून माझा उजवा पाय मुरगळला. पहाटेपर्यंत घोटा चांगला सुजला. मी रुमाल घट्ट बांधला, वरून मोजा चढवला. कुणालाही सांगितलं नाही. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी पाचवीला उतरवलं असतं. मला ते नको होतं. जिल्ह्याच्या मैदानावर मला धावायचं होतं. पी. टी. उषाचा वर्तमानपत्रातला फोटो मी वहीला कव्हर घालून वर चिकटवला होता. एवढंच कारण. दुसरं काही नाही.

दुसरीकडून मी बॅटन नीट घेतलं. वळणावर पाय बोलायला लागला. समोर माझी मैत्रीण उभी होती, वाकलेली, डोळे फक्कीच्या रेघेवर. ती रेघ कुठे मारायची, ते आम्ही दोघींनी महिनाभर मोजून ठरवलं होतं, माझ्या धडधाकट पायाच्या वेगावर. मी रेघेवर पोचले. ती सुटली. ती बरोबर सुटली. मला आजही दिसतं, ती एक क्षणही आधी सुटली नव्हती.

पट्टा संपत आला तेव्हा मला कळलं की ही आता हाताला लागत नाही. मी "थांब" म्हणायला हवं होतं. मी "घे" म्हणाले. तिनं हात मागे केला, तळवा उघडा, जसं शिकवलं होतं तसा. माझ्या बॅटनचं टोक तिच्या बोटांना लागलं आणि मी सोडून दिलं. तिच्या बोटांना लागून पडलं, म्हणून सगळ्या मैदानाला ते तिच्या हातून पडताना दिसलं. तिच्या हातात ते आलंच नव्हतं.

आणि मग आम्ही दोघी नुसत्या उभ्या राहिलो. बॅटन रेघेजवळ मातीत पडलं होतं. नियम आहे, ज्याच्या हातून पडलं त्यानंच उचलायचं. ते माझं होतं. मी उचललं नाही. सर पळत आले, तिला म्हणाले, "अगं, मूठ आवळायची ना!" मी शेजारी उभी होते. परतीच्या एस.टी.त ती खिडकीला डोकं लावून रडत होती आणि मी तिला भडंग देत होते. पुढच्या वर्षी संघात तिचं नाव नव्हतं, माझं होतं. त्यानंतर ती कधी धावली नाही.

२००८मध्ये कॅन्टीनमध्ये माझा चहा का गार झाला, ते आता कळलं असेल. कुणीतरी वळून बॅटन उचलायला गेलं होतं.

गेल्या महिन्यात मी मैत्रिणीला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, मी तीस वर्षं समजत होते की मी लवकर सुटले." मी माफी मागितली. त्यावर ती "जाऊ दे" म्हणाली नाही. म्हणाली, "सरांना सांगितलंस?" मी म्हटलं, नाही. "मग सांग. आणि सगळ्यांसमोर सांग. माझं नाव सगळ्यांसमोरच झालं होतं." म्हणून मी एआय सोडून रिलेवर बोलले.

सर, बॅटन माझ्या हातून पडलं होतं. तिची मूठ बरोबर होती.

आणि आणखी एकीला सांगायचं आहे. आपली पाचवी आज आली आहे. तिला हे आत्ता, तुमच्याबरोबरच कळतं आहे. तिला फोन करायचा धीर मला झाला नाही. त्या दिवशी धावायचा हक्क तुझा होता. तू त्या सकाळी मैदानाच्या कडेला आमच्या चपला सांभाळत बसली होतीस आणि मोठमोठ्यानं आमची नावं घेत होतीस. मला ते ऐकू येत होतं.

रिलेत चारच जणी दिसतात. विल्यम्सचं उदाहरण मी मुद्दाम सांगितलं. संघ चौघींपेक्षा मोठा असतो, आणि ज्याचा पाय सुजला आहे त्यानं तो वेळेवर सांगितला तरच तो मोठा राहतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात, धंद्यात, कुणाच्या शेतीच्या वाटणीत असं एखादं पडलेलं बॅटन असेल. उशिरा उचललं तर शर्यत जिंकता येत नाही, हे मी इंजिनिअर म्हणून मान्य करते. पण कुणीतरी आपलीच चूक समजून तीस वर्षं काढत असेल, तर ते थांबतं.

उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर या. मी एक खरं बॅटन विकत आणलं आहे. पळायचं कुणीच नाही, आपल्या सगळ्यांच्या गुडघ्यांची मला काळजी आहे, एक फेरी चालायची फक्त. पहिल्या दोघी आहेत. चौथी तीच. तिसऱ्या जागेवर पाचवीनं यावं अशी माझी विनंती आहे. ती नाही म्हणाली तरी मला चालेल. मी कडेला चपला सांभाळत बसणार आहे.



(छापायला देताना एवढंच लिहिते. भाषण संपल्यावर मी पाया पडायला गेले तेव्हा सर म्हणाले, "पाय सुजलाय हे मला दिसायला हवं होतं गं." दुसऱ्या दिवशी सकाळी पाचवी आली. जरा उशिरा आली, पण आली. बॅटन पडलं नाही.)